पितळेचं देणं

माझ्या डायव्हिंगच्या सिलिंडरच्या तोंडाला दोन झडपा आहेत आणि त्यांवर दोन वेगवेगळे रेग्युलेटर लागतात. उजवीकडच्याचे पैसे मी पगारातून हप्त्याहप्त्याने फेडले. डावीकडच्याचे आजतागायत दिलेले नाहीत. द्यायला गेले, तेव्हा ज्यांचा तो होता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाकीट निमूटपणे पर्समध्ये ठेवलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मराठी त्यांना येत नाही, पण शेजारी नाशिकचं एक कुटुंब राहतं. कुणीतरी वाचून दाखवेल आणि मग फोनवर माझी खरडपट्टी निघेल, की यंत्राबद्दल लिहायचं सोडून माझ्याबद्दल कसलं लिहितेस? तेव्हा यंत्राबद्दलही लिहिते. तसंही यंत्र वगळून त्यांच्याबद्दल काही सांगताच येणार नाही.

मी मालवणची. पाण्याखाली श्वास घ्यायला शिकले तारकर्लीला. शिकवणारा मुलगा माझ्याहून लहान होता. “ताई, कायव होवंदे, श्वास रोखूचो नाय,” एवढं एकच वाक्य तो दहा प्रकारे म्हणायचा. आईचं म्हणणं वेगळं. “पाण्यात जावन तुका काय गावतला?” याला उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. आमच्याकडचं पाणी २७-२८ अंशांचं, उतरायचं ते आठ-दहा मीटर. तिथले रेग्युलेटर साधे दट्ट्याचे, अनबॅलन्स्ड, म्हणजे सिलिंडरमधला दाब उतरला की श्वास जड होणारे, आत हलणारा भाग जेमतेम एक. वाळू शिरली, मीठ चढलं, तरी जेवायच्या सुट्टीत उघडून, गोड्या पाण्यात धुऊन परत लावता येतात. पुढे इंग्लंडात काही लोक अशा रेग्युलेटरांना नाकं मुरडताना पाहिले. माझ्या या गृहस्थांनी मात्र कधी मुरडलं नाही. “तुझ्या गावच्या पाण्याला तोच बरोबर,” ते म्हणाले. “कमी भाग, कमी भानगडी. प्रश्न एवढाच आहे, की आता तू तुझ्या गावच्या पाण्यात नाहीस.”

नव्हतेच. नोकरीने मला लेस्टरला आणून टाकलं होतं. इंग्लंडच्या ऐन मध्यात, समुद्रापासून खूप लांब. बेलग्रेव्ह रोडवर ढोकळा मिळतो, पण बांगडा मिळायची मारामार. तिथे पाण्याखाली जाणारी माणसं असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण लेस्टरशेजारी स्टोनी स्टँटन नावाचं गाव आहे आणि त्याला लागून ग्रॅनाइटची एक जुनी खाण आहे. १९५८मध्ये दगड काढणं थांबलं, पंप बंद झाले आणि झऱ्यांच्या पाण्याने खाण भरली. तिलाच आज स्टोनी कोव्ह म्हणतात. खाणीचे टप्पे तसेच राहिल्यामुळे पाण्याखाली पायऱ्या आहेत. पहिली साधारण सहा-सात मीटरवर, दुसरी वीस-बावीसवर आणि तळ ३५ मीटरच्या आसपास. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारे कितीतरी डायव्हर साठ-सत्तरच्या दशकांत इथेच तयार झाले. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर येतं आणि वरपासून खालपर्यंत तेवढंच राहतं.

हे गृहस्थ त्याच तेलाच्या दिवसांतले. स्वतः डायव्हर म्हणून नव्हे, तर डायव्हरांना हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवरचे मेकॅनिक म्हणून त्यांनी तिथे काही वर्षं काढली. नंतर गॅसच्या कंपनीत मीटर आणि प्रेशरच्या झडपा दुरुस्त करत निवृत्त झाले. आमच्या क्लबात सगळ्यांचे रेग्युलेटर तेच बघत. ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३ सालचा. त्याच्या शाखा गावोगाव आहेत आणि शाखेत शिकवणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. आठवड्याला एक संध्याकाळ म्युनिसिपालिटीच्या तलावात, रविवारी खाणीवर, शिकवणं सगळं फुकटात. आपल्याकडे तालमीतला वस्ताद पोरांकडून पैसे घेत नसे, असं आजोबा सांगायचे. मला ते ऐकीव होतं. इथे रोख पाहिलं.

त्यांच्याकडे मी गेले ती विकत घ्यायच्या रेग्युलेटरची चिठ्ठी घेऊन. शहरातल्या एका दुकानाने मला टायटेनियमचा एक देखणा सेट दाखवला होता. हलका, कधी न गंजणारा, प्रवासाला सोयीचा. किंमत माझ्या महिन्याच्या घरभाड्याहून जास्त. मी ते कौतुकाने सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कपाटातून पितळी फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चांगला जड.

“हे वजन तुला नको आहे ना? पण थंडीत तुला वाचवणारं हेच वजन आहे. पितळेतून उष्णता पटकन वाहते. टायटेनियममधून फार हळू. आत हवा थंड होते तेव्हा बाहेरच्या पाण्यातली ऊब आत पोचायला हवी. तो तुझा देखणा धातू ती पोचू देत नाही.”

चार अंशांच्या पाण्यातली ऊब! मी हसले. त्यांनी मला गुरुवारी संध्याकाळी गॅरेजवर यायला सांगितलं आणि येताना सुपरमार्केटातून बर्फाच्या दोन पिशव्या आणायला सांगितल्या.

त्या गॅरेजमध्ये मोटार कधीच उभी राहिली नसावी. एका भिंतीला लांबलचक बाक, त्यावर फेल्टचा हिरवा तुकडा, आणि त्या तुकड्यावर उघडलेल्या रेग्युलेटरचे भाग उलगडल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडलेले. कुणाचाही भाग दुसऱ्याच्या भागात मिसळलेला मी कधी पाहिला नाही. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा टब. बर्फ आणि पाणी त्यात ओतलं. छोट्या सिलिंडरला त्यांनी एक जुना दट्ट्याचा फर्स्ट स्टेज लावला, त्याच्या एका नळीला प्रेशरचा गेज जोडला, आणि सगळं टबात बुडवून सेकंड स्टेज माझ्या हातात दिला.

“पर्जचं बटण दाब. सोड. दाब. सोड. आणि काट्याकडे बघ.”

इथे वाचकाला दोन शब्दांत सांगायला हवं. सिलिंडरमधली हवा २०० बार किंवा त्याहून जास्त दाबाची असते. फर्स्ट स्टेज तिला भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण नऊ-दहा बार जास्त एवढ्यावर आणतो. तोंडातला सेकंड स्टेज तिला पाण्याच्या दाबाइतकी करतो आणि तुम्ही मागाल तेव्हाच देतो. ही कल्पना जुनी आहे. १८६०च्या दशकात रुकेरोल आणि दनेरूझ या दोन फ्रेंच माणसांनी तिचं यंत्र बनवलं होतं. पण ज्याला आज आपण स्कूबा म्हणतो ते १९४३चं. एमिल गान्यां हा एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायच्या एका झडपेवर तो काम करत होता. झाक-इव्ह कूस्तो त्याच्याकडे गेला आणि त्या झडपेतून ॲक्वालंग निघालं. नाव झालं कूस्तोचं. आमच्या गृहस्थांचा यावर राग होता. त्यांच्या बाकावरच्या भिंतीला एकच छायाचित्र होतं, गान्यांचं. “पाण्यात उतरणाऱ्याला सगळे ओळखतात,” ते म्हणायचे, “झडप करणाऱ्याला कोण ओळखतो?”

तर टबात मी पर्जचं, म्हणजे हवा सरळ बाहेर सोडणारं, बटण दाबत होते. पहिल्यांदा बटण सोडल्या सोडल्या काटा साडेनऊवर येऊन टक्क थांबायचा. फर्स्ट स्टेजच्या अंगाला भोकं होती, त्यांतून पाणी आत स्प्रिंगपर्यंत जातं. त्या भोकांभोवती आधी दुधट साय धरली, मग काचेसारखं काहीतरी जाड होत गेलं. सायकलला हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, त्याच्या नेमकं उलट इथे चाललं होतं. २०० बारवरून हवा एकदम दहावर आली, की तिचं तापमान तीस-चाळीस अंशांनी कोसळतं. पाणी शून्यापाशी, म्हणजे आतली हवा उणे तीसच्या पुढे. काटा आता साडेनऊवर थांबेना. दहा झाला. मग अकरा. भोकांतल्या बर्फाने दट्ट्याला पुरतं मिटू देणं बंद केलं होतं. मी बटण सोडलं. हवा थांबली नाही. माझ्या हातातला सेकंड स्टेज आपण होऊन फुरफुरला आणि मग त्यातून जे वारं सुटलं त्याने टबातलं पाणी आमच्या दोघांच्या अंगावर उडालं.

त्यांनी शांतपणे सिलिंडरची झडप बंद केली आणि टॉवेल दिला.

“बघ, तो उघडा राहिला. बंद नाही पडला. रेग्युलेटर असाच बनवतात. बिघडला तर जास्त हवा देईल, हवाच देणार नाही असं सहसा होत नाही. गोठलेल्या रेग्युलेटरमुळे माणूस तिथल्या तिथे गुदमरत नाही. पण सिलिंडर रिकामं होतं आणि त्या गडबडीत माणूस घाबरून वर धावतो. मरतो तो त्या धावण्याने.”

मग तोच खेळ दुसऱ्या फर्स्ट स्टेजवर. हा दट्ट्याचा नव्हता, रबरी पडद्याचा होता आणि सीलबंद होता. सीलबंद म्हणजे काय हे त्यांनी आधी उघडून दाखवलं. बाहेरच्या तोंडाला सिलिकॉनची पातळ चकती, तिच्या मागे छत्रीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा एक तुकडा, त्याच्या मागे कोरडी स्प्रिंग आणि मग खरा पडदा. पाण्याचा दाब चकतीवर पडतो, छत्री तो पडद्यापर्यंत पोचवते. दाब आत जातो, पाणी जात नाही. टबात त्याच्याही अंगावर बर्फ चढला. पहिल्याहून कमी नव्हे. पण काटा साडेनऊवर येऊन थांबत राहिला. बर्फ वितळेपर्यंत मी बटण दाबत राहिले, तरी काटा हलला नाही.

त्या एका संध्याकाळीने जे शिकवलं ते पुढे कुठल्याच पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

अर्थात सील केला म्हणजे झालं असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. सेकंड स्टेज आतून गोठतो आणि त्याला पाणी पुरवतो आपणच. उच्छ्वासात बाष्प असतं, ते झडपेच्या दांडीवर बसतं, तिथे येणारी हवा शून्याखाली. म्हणून थंड पाण्याच्या चांगल्या सेकंड स्टेजमध्ये नळी जिथे जोडतात तिथे धातूच्या पातळ पाती असतात किंवा सगळं अंगच धातूचं असतं. उणे वीसच्या हवेला चार अंशांचं पाणी गरमच की! तेव्हा कुठे मला त्यांच्या “उबे”चा अर्थ लागला. आणि म्हणूनच काठावर उभं राहून, बर्फाळ वाऱ्यात, रेग्युलेटर चालतोय का हे बघायला दोन-चार श्वास घेऊ नयेत. तोंड पाण्याखाली गेल्यावरच पहिला श्वास. पर्जचं बटण उगाच दाबू नये. ड्रायसूटमध्ये, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखात, हवा भरायची ती टिचक्याटिचक्यांनी, आणि भरताना श्वास आत ओढायचा नाही. दोन्हीकडून एकदम हवा मागितली की फर्स्ट स्टेजमधून ती कितीतरी जास्त वाहते आणि आतल्या धातूला तितकंच जास्त गारठवते. खोलीचा संबंध इथेच येतो. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे तेवढ्याच मापाच्या श्वासात हवा चौपट. काठावर न गोठणारा रेग्युलेटर तीसवर गोठतो तो पाणी तिथे जास्त थंड असतं म्हणून नव्हे. त्यातून वाहणारी हवा चौपट असते म्हणून.

खोलीबद्दल मात्र त्यांचं मत कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा निराळं होतं. युरोपचं मानक आहे, ईएन २५०. त्यात रेग्युलेटर ५० मीटरच्या दाबाला यंत्राला लावून मिनिटाला साडेबासष्ट लिटर वेगाने श्वास घ्यायला लावतात, आणि प्रत्येक लिटरमागे श्वासाचं काम तीन ज्यूलच्या आत राहावं लागतं. कंपन्या त्यांचे आकडे छापतात, इतके कमी, तितके कमी. ते आलेख मीही सुरुवातीला परीक्षेच्या मार्कांसारखे ताडून बघायचे. ते म्हणाले, “चांगल्या कंपनीचा कुठलाही बॅलन्स्ड रेग्युलेटर ४० मीटरवर तुझ्या छातीपेक्षा जास्त हवा देऊ शकतो. अडचण तुझ्या छातीची आहे. तू खोलीसाठी रेग्युलेटर निवडते आहेस, की गॅस?”

हे त्यांनी म्हटलं तेव्हा मला ते म्हाताऱ्याचं तिरकस बोलणं वाटलं होतं. पुढे २०१६च्या सुमारास गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी गॅसच्या घनतेचे आकडे मांडले. लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत असलेलं बरं, ६.२च्या पुढे नकोच, कारण त्यापुढे श्वास बाहेर टाकणं इतकं जड होतं की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. साधी हवा ३० मीटरवर ५.२च्या जवळ पोचते आणि चाळिशी गाठायच्या आत ६.२ ओलांडते. ऑक्सिजन वाढवलेला नायट्रॉक्स घेतला तरी घनता तेवढीच. कमी करायची तर हेलियम मिसळावा लागतो. कितीही महाग रेग्युलेटर ही घनता कमी करत नाही. वृद्ध गृहस्थांनी हे आकडे न वाचता, नुसते कॉम्प्रेसरशेजारी बसून डायव्हरांचा श्वास ऐकून ओळखलं होतं.

मी शेवटी घेतला तो अ‍ॅपेक्सचा, डीएसटी फर्स्ट स्टेज आणि एक्सटीएक्स ५० सेकंड स्टेज. पडद्याचा, बॅलन्स्ड, कोरडा सीलबंद, पितळेचा. जोड डीआयएनचा, म्हणजे झडपेत आटे फिरवून बसणारा. आमच्याकडे मालवणात असतो तो वरून चिमटा आवळायचा जोड. त्यात ओ-रिंग उघडी राहते आणि धक्का लागला तर निसटू शकते. स्क्युबाप्रोचा एमके १७ही त्यांनी चालेल म्हटलं असतं. तोही सीलबंद पडद्याचाच. अ‍ॅपेक्सच का, तर कारखाना लँकशरमध्ये ब्लॅकबर्नला, सुटे भाग दोन दिवसांत पोस्टाने येतात, आणि “मला तो आंधळेपणी उघडता येतो.” हे शेवटचं कारण सगळ्यांत मोठं. रेग्युलेटर निवडणं म्हणजे पुढची कितीतरी वर्षं तो कोण उघडणार हे निवडणं. दुकानातलं कुणी हे सांगत नाही. त्यांचा दोष नाही, त्यांना विकायचा असतो.

स्वतः ते मात्र वापरायचे पोसायडनचा सायक्लॉन. स्वीडनचा, मूळ रचना १९५८ची. त्याच्या फर्स्ट स्टेजवर टोपी चढवून आत अल्कोहोल भरायची सोय होती, म्हणजे स्प्रिंगभोवती पाणीच येत नाही. थंड पाण्याचा विचार करून बनवलेलं यंत्र. मी तोच मागितला तर साफ नाही म्हणाले. “तो माझ्यासारखा आहे. चिडका. दुरुस्त करणारा मरून गेला की कुणाला कळत नाही.”

ते वर्षभर मी दर गुरुवारी जात राहिले. शिकायला म्हणून नव्हे, सुरुवातीला तरी. सर्व्हिस शिकवायचं त्यांनी कधी ठरवलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी वही धरायचे. प्रत्येक रेग्युलेटरचा दाब भरल्या सिलिंडरला किती, रिकामं होत आलेल्याला किती, बटण सोडल्यावर काटा स्थिर राहतो की पाच मिनिटांत हळूहळू वर सरकतो. सरकला तर हाय प्रेशरची सीट गेली. ती सीट म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षा लहान गोल तुकडा. भिंगाखाली धरला की त्यावर झडपेच्या कडेचा एक बारीक वळ दिसतो. वळ सगळीकडे सारखा असेल तर ठीक. एका बाजूला खोल गेला असेल तर तो तुकडा कचऱ्यात. मला पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसले. बऱ्याच गुरुवारांनंतर, त्यांनी भिंग पुढे केलं आणि विचारलं, “टाकू?” मी म्हटलं, “टाका.” त्यांनी न बघता टाकला.

खाणीत स्टॅनेगार्थ नावाची जुनी वाफेवरची टगबोट २००० साली मुद्दाम बुडवलेली आहे, दुसऱ्या पायरीवर. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिच्या पुढच्या टोकाशी मी आणि क्लबातली एक बाई खाली उतरत होतो. तिचा सेट भाड्याचा. तिने ड्रायसूटचं बटण दाबून धरलं आणि त्याच क्षणी मोठा श्वास घेतला. मला आधी आवाज आला, मग तिचा चेहरा बुडबुड्यांत दिसेनासा झाला. बारा लिटरचं सिलिंडर, आत दोन हजार लिटरच्या आसपास हवा, आणि त्या खोलीवर असं वारं सुटलं तर हातात दोन-तीन मिनिटं. मी तिला माझ्या डाव्या फर्स्ट स्टेजवरचा रेग्युलेटर दिला, तिची झडप फिरवून बंद केली आणि दोघी एकमेकींचे पट्टे धरून सावकाश वर आलो. मी श्वास घेत होते उजव्या फर्स्ट स्टेजमधून, ती डाव्या. हा फरक छोटा नाही. एकाच फर्स्ट स्टेजवर दोघांनी ओढायची चाचणी ईएन २५०मध्ये ३० मीटरपर्यंत आणि १० अंशांवरच्या पाण्यापुरतीच धरलेली आहे. चार अंशांत दोघी एकाच फर्स्ट स्टेजवर असतो, तर माझाही गोठला असता हे सांगायला टबातला काटा पुरेसा होता.

तो डावा रेग्युलेटर तेव्हा उसना होता. त्यांचा. “दुसरा घेईपर्यंत वापर,” म्हणून त्यांनी दिलेला, कपाटातला जुना अ‍ॅपेक्स, सीट आणि सगळ्या ओ-रिंगा नव्या टाकून. “रेग्युलेटर गोठेल का असं विचारू नकोस. गोठल्यावर तुझ्याजवळ काय आहे ते विचार,” हेही त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं. त्या फेब्रुवारीनंतर मी तो परत करायला नेला, पैसेही नेले. चष्म्यावरून बघणं झालं ते तेव्हा. मग त्यांनी वही मागितली, त्या रेग्युलेटरच्या पानावर मालकाच्या जागी स्वतःचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. स्पेलिंग चुकवून. मी दुरुस्त केलेलं नाही.

मी त्यांना काय दिलं याचा हिशेब करायला बसले तर लाज वाटते. सोलकढी एकदा नेली. एक घोट घेऊन “रंग छान आहे” म्हणाले. खाण्यापिण्यात त्यांना काही घालता आलं नाही, पैसे ते घेईनात. वेळ मात्र त्यांनी घेतला, माझे गुरुवार. पण तो तर मीच मिळवत होते. आता गुडघ्यांनी आणि कानांनी साथ सोडल्यामुळे ते पाण्यात उतरत नाहीत. बाक आहे. नजर कमी झाली तशी सीट मी बघते आणि ते गेजचा काटा बघतात. तो मोठा असतो.

मालवण, गोवा, अंदमानमध्ये शिकलेली आपली खूप मुलं आता नोकरीशिक्षणाने जर्मनी, इंग्लंड, नॉर्वे, कॅनडात आहेत आणि तिथल्या तळ्यांत, खाणींत उतरतात. काही जण फिरायला गेले की आइसलंडच्या सिल्फ्रात उतरून येतात, जिथे पाणी बारा महिने दोन ते चार अंश असतं. त्यांच्यासाठी एवढंच. घरून नेलेल्या रेग्युलेटरच्या अंगावर काय कोरलंय ते वाचा. १० अंशांपेक्षा जास्त असा शिक्का असेल, तर तो तारकर्लीला उत्तम आहे, तिथेच ठेवा. भाड्याने घेत असाल तर विचारा, की फर्स्ट स्टेज सीलबंद आहे का, शेवटची सर्व्हिस कधी झाली, कुणी केली, आणि सिलिंडरवर दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज लावून मिळतील का. एवढं विचारल्यावर दुकानदार वैतागला, तर दुसरं दुकान बघा.